घर एक, नवी वर्षे अनेक

२०२५ सालचा जून महिना आमच्या घरात कसा आला आणि कसा गेला, ते आजही आठवते. ७ तारखेला बकरी ईद झाली. कुर्बानीचे हिस्से वाटून हात धुतो न धुतो तोच मृग लागला आणि सासरे कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या मोजू लागले. १६ तारखेला शाळा उघडली. एका हाताने माझ्या मुलांच्या वह्यांना खाकी कव्हरे घालायची आणि दुसऱ्या हाताने वर्गाचे हजेरीपत्रक तयार करायचे, अशी माझी तारांबळ चालली होती. त्यातच मोहरमचा चांद दिसला आणि २७ जूनच्या शुक्रवारी हिजरी १४४७ सुरू झाले.

धाकटीने कालनिर्णयाकडे बोट दाखवून विचारले, "अम्मी, नया साल तो जनवरी में हुआ था ना? फिर ये कौनसा नया साल?" थोरला म्हणाला, "पगली, गुढीपाडवे को भी हुआ था. सामनेवाली काकूने श्रीखंड भेजा था." सासरे ओट्यावरून म्हणाले, "शेतकऱ्याचं साल मृगाला बदलतं." आणि कोपऱ्यातल्या खाटेवरून दादीमा म्हणाल्या, "हमारे जमाने में नया साल आझर में आता था."

आझर! मुलांनी हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. मी इतिहास शिकवते, बी.एड.ला कालरेषा काढून गुण मिळवलेले आहेत, पण खरे सांगायचे तर आझर म्हणजे काय, हे मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत नीट माहीत नव्हते. ते मला माहीत का करून घ्यावे लागले, ते पुढे सांगते. आधी या सगळ्या नव्या वर्षांची वंशावळ पाहू.

हिजरी सनापासून सुरुवात करू. हजरत उमर यांच्या खिलाफतीत, हिजरी १७ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ६३८ मध्ये, ही कालगणना ठरली. खलिफांची पत्रे सुभेदारांना जात, पण त्यांवर साल नसे. कोणते पत्र आधीचे, कोणते नंतरचे, हे कळेना. तेव्हा सल्लामसलत झाली आणि पैगंबरांच्या हिजरतीपासून, म्हणजे इ.स. ६२२ पासून, साल मोजायचे ठरले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की आपल्या सनाचा जन्मच मुळी दफ्तरातल्या एका अडचणीतून झाला. कागदावरची तारीख चुकली की माणसाचा हक्क चुकतो, ही जाण त्यामागे होती.

हिजरी वर्ष चंद्राचे. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून आपला रमजान कधी थंडीत येतो, तर कधी वैशाखाच्या उन्हात. इबादतीसाठी हे फार चांगले, कारण प्रत्येक पिढीला सगळ्या ऋतूंचे रोजे मिळतात. पण शेतसाऱ्यासाठी मोठी पंचाईत. सूर्याच्या ३२ वर्षांत चंद्राची जवळजवळ ३३ वर्षे होतात. पिके ३२ आणि सारा ३३ वेळा, असे झाले तर रयत कुठून भरणार?

या अडचणीवर दख्खनने दोन उपाय काढले. पहिला सुहूर सन. मुहम्मद तुघलकाच्या काळात, हिजरी ७४५ म्हणजे इ.स. १३४४ पासून, तो धरला जातो. आकडा हिजरीचा घेतला, पण पुढची मोजणी सूर्याच्या चालीने केली. वर्ष बदलायचे ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणजे आकडा अरबस्तानचा आणि पेरणी आपल्या मातीची. बहमनी गेले, निजामशाही आणि आदिलशाही गेली, पण हा सन राहिला. शिवाजी महाराजांच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरातही तो चालला. त्यातले आकडे अरबी शब्दांत लिहीत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. राज्याभिषेकाचे १६७४ साल मृगानंतर मोडी कागदात 'खमस सबैन अलफ' म्हणजे १०७५ असे येते. महिनेही मोहरम, सफर, रबिलावल असे, आणि चंद्राची तारीख सांगायला आधी 'छ' हे अक्षर. शव्वालचा 'सवाल' आणि शाबानचा 'साबान' झाला. मदरशाचे तोंडही न पाहिलेला मराठा कारकून अरबीत हजारापर्यंत मोजत होता आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

दुसरा उपाय फसली सन. फसल म्हणजे पीक, त्यावरून फसली. अकबराने तो उत्तरेत सुरू केला आणि शाहजहानच्या काळात, १६३६ मध्ये, म्हणजे हिजरी १०४६ मध्ये, तो दख्खनेत आला. तेव्हापासून दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो. अकबराने १५८४ मध्ये इलाही सन काढला आणि त्याला इराणी सौर महिने दिले. त्या दरबाराचा इतिहास लिहिणारा अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, असे जुने गॅझेटियर सांगते. योगायोग असा की त्याच नावांचे महिने पुढे निजामाच्या राज्यात, म्हणजे आमच्या जालन्यातही, कचेरीच्या कागदांवर आले. आझर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. मृगाचे फसली साल जूनमध्ये बदले, पण हैदराबाद संस्थानात पहिली आझर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येई. दादीमांचे नवे वर्ष ते हेच.

वर्गात मी मुलांना आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण देते. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे यांची लढाई झाली. त्या दिवशी इसवी सन १८०३, शालिवाहन शक १७२५, हिजरी १२१८, फसली १२१३ आणि सुहूर १२०४ होते. दिवस एक, रणांगण एक, आणि साल पाच. जवळच्या पैठणशी ज्या शालिवाहनाचे नाव जोडले जाते त्याचा शकही त्यात आला. यातले कुठले आपले आणि कुठले परके, हे त्या मातीने कधी विचारले नाही.

आता दादीमांची गोष्ट. त्या माझ्या यजमानांच्या दादी, म्हणजे मुलांच्या पडदादी. काही वर्षांपूर्वी एका कामासाठी त्यांचा जन्माचा पुरावा लागला. त्यांच्या वालिदांच्या बयाजमध्ये एक ओळ मिळाली. मुलगी झाली, पहिली आझर १३५२. पुढे 'फसली' हा शब्द होता, पण शाई उडालेली. ज्यांनी कागद तयार केला त्यांनी मुसलमानाची वही म्हणजे हिजरीच असणार असे धरले. हिजरी १३५२ म्हणजे इ.स. १९३३. झाले, दादीमा कागदावर १९३३ च्या झाल्या आणि त्यांचे थोरले भाऊ त्यांच्याहून लहान ठरले! घरात महिनाभर हसू चालले होते. मुले त्यांना "नानाजान की बडी आपा" म्हणून चिडवत. पण जेव्हा भावा-बहिणीच्या हिश्शाच्या कागदात वये जुळेनात, तेव्हा हसू थांबले.

तेव्हा मी बयाज घेऊन बसले. हिजरी सनात आझर नावाचा महिनाच नाही. महिना आझर असेल तर साल फसलीच असले पाहिजे. १३५२ मध्ये ५९० मिळवा, १९४२. त्यातही आझर हा हैदराबादी वर्षाचा पहिला महिना, म्हणून ऑक्टोबर १९४२. मग मी दादीमांना विचारले, "पुलिस ॲक्शन के वक्त आप कितने साल की थीं?" त्या म्हणाल्या, "छे की होने को आई थी." सप्टेंबर १९४८. हिशेब नेमका जुळला.

आमच्या मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांची साले अशी घटनांवरून ओळखायची. पुलिस ॲक्शनचे साल, १९७२ च्या दुष्काळाचे साल. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत संस्थान भारतात आले. फसली १३५७ चा शेवटचा महिना आबान तेव्हा चालू होता. मुक्तीचा आनंद होता, तसेच त्यानंतर अनेक गावांत मुसलमानांनी सोसलेले दुःखही होते. सुंदरलाल समितीने ते नोंदवले आणि तो अहवाल लोकांना वाचायला मिळेपर्यंत २०१३ साल उजाडले. दादीमा त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत. एवढेच सांगतात की त्या वर्षी आझर आला तेव्हा घरात कुणाला आठवणही झाली नाही.

सरकारी कागद मात्र फसली विसरले नाहीत. १९४९ मध्ये, भारताच्या अमलात, जहागिऱ्या रद्द करणारा हैदराबादचा कायदा आला. त्याच्या नावातच साल १३५८ फसली आहे. तमिळनाडूच्या महसूल खात्यात तर आजही जमाबंदी फसली सालाने होते. फक्त आमच्या घरांतून हा शब्द गेला.

तो परत आला २०२३ मध्ये, आणि आला तो शेजाऱ्याच्या हातून. आमच्याच जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला, मराठा आरक्षणाचे उपोषण पेटले. ७ सप्टेंबर २०२३ ला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातले कागद निघाले. मोडी वाचणारे हवे होते, तसेच उर्दू वाचणारेही. एके संध्याकाळी गल्लीतले पाटीलमामा प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. म्हणाले, "बाई, एवढं वाचून दाखवा. तिघांना दाखवलं, कुणाला लागत नाही."

ती जमिनीच्या साऱ्याची पावती होती. शिकस्ता लिपी, घाईची लेखणी. मलाही दोन तास लागले. साल १३४३ फसली, म्हणजे १९३३-३४. त्यांच्या आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव, गाव आणि रक्कम. जातीची नोंद त्यात नव्हती. मला वाटले, मामा निराश होतील. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पणज्याचं नाव आज कळलं. कुणी सांगणारंच राहिलं नव्हतं." सासूबाईंनी चहा आणला. दादीमांनी खाटेवरून विचारले, "महिना कौनसा लिखा है?" मी सांगितले, तीर. त्या म्हणाल्या, "मतलब मई. बेचारा धूप में भरने गया होगा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या लिपीला लोक केवळ आमची समजतात, तिच्यात शेजाऱ्याच्या पणजोबांचे नाव जपून ठेवलेले होते. आणि ज्या मृगाला लोक केवळ त्यांचा समजतात, त्याने आमच्या हिजरी आकड्याला सहाशे वर्षे शेताच्या बांधावर सांभाळले होते. पण आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना छापील उर्दू वाचता येते, शिकस्ता येत नाही. आणखी तीस वर्षांनी पाटीलमामांच्या नातवाने कागद आणला तर तो कोण वाचणार? घराघरांतल्या बयाज, निकाहाचे सियाहे आणि पावत्या रद्दीत जात आहेत. ते कागद एकदा बाहेर काढावेत, त्यांवरचे साल हिजरी की फसली ते पाहावे आणि मुलांसमोर मोठ्याने वाचावेत, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे. महिना मोहरम, सफर असेल तर हिजरी आणि आझर, दै असेल तर फसली, ही खूण पुरेशी आहे.

जून २०२५ च्या त्या गोंधळात मी हेच केले. मुलांनी कव्हरांच्या उरलेल्या खाकी कागदावर तक्ता काढला. इसवी २०२५, शक १९४७, हिजरी १४४७, मृगाच्या हिशेबाने फसली १४३५ आणि सुहूर १४२६. धाकटीने प्रत्येकासमोर एक चित्र काढले: केक, गुढी, चांद, कापसाचे बोंड आणि शेवटी पावसाचा ढग. तक्ता भिंतीला लावताना खळ सांडली, त्यावर मांजर चालले आणि सासूबाईंनी सगळ्यांनाच झापले.

दादीमांनी तक्ता नीट पाहिला आणि विचारले, "इसमें मेरा आझर कहाँ है?"

थोरल्याने पेन्सिल घेतली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यासमोर लिहिले: दादीमा का नया साल, और सालगिरह भी.