मानेतील दबलेली नस : निदानाचा ऐतिहासिक मागोवा

रायगड जिल्ह्यात रोहे शहराला लागून असलेल्या वरसे परिसरात भातशेतीचे श्रम आणि शेजारच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कामगारजीवन एकत्र नांदते. लावणीचे वाकणे, डोक्यावरचे भारे, यंत्रापुढे झुकलेली मान यांच्यासोबत येणाऱ्या दुखण्याला बोलीत ठरलेली नावे आहेत : मान अवघडली, उसण भरली, शिरेवर शीर चढली. ‘शीर’ या शब्दात रक्तवाहिनी, स्नायुबंध, मज्जातंतू असे सारेच सामावते. शिवाय जेथे दुखते तेथेच दोष, हेही त्यात गृहीत असते. प्रत्यक्षात मानेत दबलेल्या मज्जातंतूची वेदना पुष्कळदा बोटांत जाणवते. दुखण्याची जागा आणि दोषाची जागा वेगळी असू शकते हे वैद्यकास कसे उमगले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या वर्णनात ‘मन्यास्तंभ’ व ‘विश्वाची’ हे दोन विकार आढळतात. पहिल्यात मान ताठरते. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे, वर पाहत राहणे ही त्याची कारणे दिली आहेत. दुसऱ्यात बाहूच्या पाठीमागून तळहात व बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा दूषित होऊन हाताची क्रिया मंदावते. लक्षणांचा मार्ग येथे अचूक टिपलेला दिसतो. तथापि मान आणि हात ही दोन दुखणी स्वतंत्रच राहिली, आणि हा दुरावा पुढे फार काळ टिकला.

पाश्चात्त्य वैद्यकही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हाताच्या अशा वेदनेस मज्जातंतूचा दाह मानी, अथवा मानेतील जादा बरगडीस दोष देई. 1927 मध्ये अॅडसन व कॉफी यांनी अशा बरगडीच्या रुग्णांत मानेतील स्केलीन स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया मांडली. 1934 मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती फाटून मज्जारज्जू व मज्जातंतूंची मुळे दाबली जातात, हे दाखविले. चर्चा मुख्यतः कमरेची झाली. मानेकडे लक्ष वेधले ते सेम्स व मर्फी यांच्या 1943 च्या लेखाने. त्यांच्या चार रुग्णांत सहाव्या मणक्याखालील चकतीने सातवे मूळ दाबले होते. लक्षणे मात्र हृदयविकाराची भासत होती. चुकीच्या निदानाची किंमत यावरून ध्यानी यावी. (छातीत वा डाव्या हातात कळ आल्यास आजही प्रथम हृदयविकार वगळावा लागतो.)

1944 मध्ये स्पर्लिंग व स्कोव्हिल यांनी वर्णिलेली तपासणी अगदी साधी आहे. मान मागे व दुखऱ्या बाजूस कलवून डोक्यावर हलका दाब दिल्यास कळ हातात उतरते. ती उतरली तर संशय बळावतो. न उतरल्याने मात्र विकार नाही असे ठरत नाही. याउलट हात डोक्यावर ठेवताच बरे वाटणे ही खूण 1981 मध्ये डेव्हिडसन व सहकाऱ्यांनी नोंदविली. कोणते मूळ दबले आहे हे बोटे सांगतात : अंगठ्याकडे बधिरता असल्यास सहावे, मधल्या बोटात असल्यास सातवे, करंगळीत असल्यास आठवे. सातवे दबल्यास कोपर सरळ करण्याची ताकदही घटते.

चुंबकीय अनुनाद चित्रणानंतर हाताने करावयाची ही तपासणी मागे पडू लागली, हे योग्य म्हणता येत नाही. बोडेन व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या 63 व्यक्तींचे चित्रण केले. चाळिशीखालील 14 टक्के व त्यावरील 28 टक्के व्यक्तींत मोठा दोष आढळला. केवळ चित्रावरून नस दबल्याचे ठरविणे किती फसवे, हे यातून दिसते. मूळ कारणाविषयीही एकमत नाही, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दीर्घकाळ कार्य केलेले डॉ. अतुल गोयल चकतीपेक्षा मणक्यांच्या सांध्यांतील अस्थिरतेस अधिक महत्त्व देतात.

हे दुखणे बहुधा आटोक्यात येते. डॉ. राधाकृष्णन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रोचेस्टर येथील 561 रुग्णांचा अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 26 टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली, आणि अखेरच्या तपासणीत सुमारे 90 टक्के रुग्णांना त्रास नव्हता वा किरकोळ होता. शर्टाची गुंडी लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे मात्र एका मुळाची नसून मज्जारज्जूच दबल्याची असू शकतात. अशा रुग्णाची मान शेकण्यात किंवा केशकर्तनालयात ती ‘मोडून’ घेण्यात दिवस घालविणे धोक्याचे ठरते. त्यास विनाविलंब तज्ज्ञाकडे न्यावे लागते.