हँडल फिरवणाऱ्या हाताचा वेग : फाळक्यांचे मूकपट आणि अडखळणारे जुने गेम

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘अमर अकबर अँथनी’मधील मोहम्मद रफींच्या आवाजातील साईबाबांची कव्वाली शिर्डीच्या रस्त्यावर आजही दुकानादुकानांतून ऐकू येते. चित्रपटगृहात हे गाणे ऐकलेली पिढी आणि तेच गाणे दूरचित्रवाणीवर पाहिलेली पिढी यांनी मात्र नेमके एकच गाणे ऐकलेले नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने धावतो. भारताची दूरचित्रवाणी ५० हर्ट्झच्या विजेवर उभी राहिली आणि तिने सेकंदाला २५ फ्रेम हा दर स्वीकारला. या पद्धतीच्या देशांत चित्रपट दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग एकच होता : तो किंचित जोरात पळवणे. सहा मिनिटांचे गाणे त्यामुळे सुमारे १४ सेकंद आधी संपते आणि पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराहून थोडेसेच कमी इतके वरच्या स्वरात वाजते.

हा फरक चार टक्क्यांचा आहे. तो बहुतेकांच्या कानाला कळत नाही, डोळ्याला तर नाहीच. परंतु हाच फरक पन्नास टक्क्यांवर गेला, की पडद्यावरची माणसे कळसूत्री बाहुल्या होतात. मराठी माणसाच्या पहिल्या चित्रपटांचे नेमके हेच झाले आहे. आणि ज्यांनी १९९० च्या दशकातला एखादा गेम आजच्या संगणकावर चालवून पाहिला आहे, त्यांना हा रोग ओळखीचा वाटेल.

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या प्रारंभी लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतले. या कॅमेऱ्याला मोटार नव्हती, बाजूला एक हँडल होते. त्या काळच्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम, ही रूढ गती. चित्रपटाचा वेग म्हणजे अक्षरशः कॅमेरा चालवणाऱ्याच्या मनगटाचा वेग. हात थकला की वेग घटे, प्रसंग रंगात आला की वाढे. कच्ची फिल्मही छिद्रे न पाडलेली येत असे. ती छिद्रे घरीच, अंधारात पाडावी लागत आणि सरस्वतीबाई फाळके या कामात वाकबगार झाल्या होत्या. एक छिद्र चुकीच्या जागी पडले तर पडद्यावर चित्र हिसका देणार. मराठी चित्रपटाच्या इतिहासातील पहिले ‘स्टटरिंग’ रोखण्याचे श्रेय म्हणूनच एका गृहिणीच्या बोटांना द्यावे लागते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती.

फ्रेमचा दर ही आपल्या हाताखालची वस्तू आहे, हे फाळक्यांना फार लवकर उमगले होते. भांडवलदारांना खात्री पटावी म्हणून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कुंडीत वाटाणे पेरून, समोर कॅमेरा रोवून, महिन्याहून अधिक काळ त्यांनी त्या रोपाची एकेक फ्रेम टिपली आणि मिनिटाभराहून थोड्या अधिक वेळात कोंब फुटून वेल चढताना दाखवली. सोळाच्या हिशेबाने एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. म्हणजे दिवसाला साधारण तीस वेळा कोणीतरी त्या कुंडीसमोर जाऊन हँडलला हात लावला असणार. घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे सूत्र त्या कुंडीत होते. पुढच्या शंभर वर्षांतल्या सगळ्या घोटाळ्यांचे मूळही याच सूत्राच्या विस्मरणात आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३,७०० फूट होती. अनेक सूचींमध्ये या चित्रपटाचा कालावधी ४० मिनिटे असा दिलेला आढळतो. हा आकडा जरा तपासून पाहण्याजोगा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे ३,७०० फुटांत ५९,२०० फ्रेम झाल्या. त्या सेकंदाला २४ या वेगाने पळवल्या तर ४१ मिनिटे लागतात. सेकंदाला १६ या वेगाने दाखवल्या तर एक तास आणि वर दीड मिनिट! चाळीस मिनिटे हा आकडा बोलपटाच्या यंत्रावर मोजलेल्या वेळेशी जुळतो. १९१३ सालचा प्रेक्षक तासाच्या आसपास बसून राहिला असण्याचीच शक्यता अधिक. वीस मिनिटे एका भागाकारात हरवली.

सोळा फ्रेम पडद्यावर लुकलुकत नसत काय? लुकलुकल्या असत्या. म्हणून प्रोजेक्टरच्या फिरत्या शटरला तीन पाती देत. एकच फ्रेम तीनदा प्रकाशात येई आणि डोळ्याला सेकंदाला ४८ झोत दिसत. प्रत्येक फ्रेम समान वेळा, समान काळ दिसे, ही यातली महत्त्वाची गोष्ट.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि मनगटाचे राज्य संपले. ध्वनीला वेगाची लहर सोसत नाही. फिल्म हळू झाली की नायिकेचा आवाज खर्जात जातो. त्यामुळे जगभर २४ हा दर मोटारीने पक्का झाला. पुढच्याच वर्षी प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ आणला. कथा तीच हरिश्चंद्राची. एकोणीस वर्षांच्या अंतराने एकच राजा दोन वेगांनी राज्य सोडून निघाला.

नंतर मूकपट २४ च्या यंत्रांवर चढवले गेले आणि दीडपट पळू लागले. तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके चालतात ते लगबगीने, हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दामोदर दाबके हात उचलतात ते झटक्याने. सभागृहात हशा पिकतो. हा हशा त्या नटांनी मिळवलेला नाही, तो यंत्राने त्यांच्यावर लादलेला आहे. एका शोकनाट्याचे प्रहसन झाले आणि पिढ्यान्पिढ्या लोकांना वाटत राहिले की ‘त्या काळी अभिनय असाच असायचा’.

यावर काढलेला जुना उपाय रोगाहून थोडाच बरा होता. दर दोन फ्रेमपैकी एक फ्रेम दोनदा छापायची : पहिली एकदा, दुसरी दोनदा, तिसरी एकदा, चौथी दोनदा. दोनाच्या तीन झाल्या, सोळाच्या चोवीस झाल्या, एकूण कालावधी बरोबर आला. पण एक फ्रेम ४२ मिलिसेकंद दिसते, पुढची ८३, पुन्हा ४२. माणूस धावत नाही, तर लंगडतो. गेमच्या भाषेत बोलायचे तर फ्रेम रेट सुधारला आणि ‘फ्रेम टाइम’ बिघडला.

आता संगणकाकडे वळू. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एखादा गेम सेकंदाला ४० फ्रेम काढतो, तेव्हा ४० आणि ६० यांचे गुणोत्तर किती? दोनास तीन. सोळास चोवीस हेही दोनास तीनच. एक फ्रेम १७ मिलिसेकंद, दुसरी ३३, तिसरी पुन्हा १७. १९१३ च्या फिल्मची आणि आजच्या खेळाडूची तक्रार गणिताने एकच आहे. म्हणूनच ४० वर हेलकावणारा गेम ३० वर बांधून टाकला, की आकडा घटूनही हालचाल नितळ दिसते. प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा दिसू लागते. तीन पात्यांच्या शटरमागची युक्ती हीच होती.

डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ याचे उत्तम उदाहरण ठरावा. त्याचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला ३५ ठोके देते. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्या वेळच्या व्हीजीए पडद्याचा तो प्रकार ७० हर्ट्झवर चाले. सत्तर भागिले पस्तीस, बरोबर दोन. आजच्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर तोच भागाकार १.७१ येतो आणि कडेने सरकताना भिंती थरथरतात. संगणक हजारपट वेगवान असून उपयोग होत नाही, कारण दुखणे शक्तीचे नसून तालाचे आहे. १९९७ च्या डिसेंबरात ‘डूम’चा मूळ कोड खुला झाला. मग चाहत्यांनी दोन ठोक्यांच्या मधल्या स्थिती गणिताने काढून रेखाटणाऱ्या आवृत्त्या तयार केल्या. खेळाचे नियम ३५ वरच राहिले, चित्र मात्र पडद्याच्या तालावर आले. घेण्याचा वेग वेगळा, दाखवण्याचा वेगळा. वाटाण्याच्या कुंडीतले सूत्र पुन्हा हाती आले.

दीडपट पळणाऱ्या हरिश्चंद्राचे भाऊबंदही संगणकात आहेत. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. त्यासाठी लिहिलेले कित्येक गेम घड्याळ पाहतच नसत, प्रोसेसर जितका धावेल तितके धावत. नवे संगणक आले आणि शत्रू दिसायच्या आत खेळाडू मरू लागला. म्हणून डब्यांवर ‘टर्बो’ नावाचे बटण आले. नाव वेगाचे, पण खरा उपयोग ते बंद करून संगणक मुद्दाम मंद करण्याचा! २००० च्या दशकापासून डॉसबॉक्समध्ये ‘सायकल्स’ची संख्या कमी-जास्त करून तेच काम करता येते.

ही खोड जुन्या काळापुरती राहिली असे मात्र नाही. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये पदार्थविज्ञानाचे गणित ६० फ्रेमशी बांधलेले आहे, मर्यादा काढली की ताटवाट्या हवेत उडतात. ‘डार्क सोल्स २’ संगणकावर ६० फ्रेमने चालू लागला, तेव्हा शस्त्रे दुप्पट वेगाने झिजू लागली. २००५ च्या सुमारास दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले, तेव्हा तर दोन गाभ्यांची घड्याळेच परस्परांशी जुळेनात आणि गेम काळात मागे-पुढे उड्या मारू लागले. गेमला एकाच गाभ्यावर बांधून ठेवणे हा तेव्हाचा उतारा, आणि काही जुन्या गेमना तो अजूनही लागू पडतो.

जुना गेम अडखळला की बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्ड बदलायला धावतात. अभिलेखागारात काम करणाऱ्याची पद्धत अधिक शहाणपणाची आहे. प्रथम मूळ वेग कोणता हे शोधायचे. मग सरासरीवर विश्वास न ठेवता प्रत्येक फ्रेमचा काळ पाहायचा. एका सेकंदात ५९ फ्रेम दहा-दहा मिलिसेकंदांत आल्या आणि साठावीने ४१० मिलिसेकंद घेतले, तरी सरासरी ६० च दिसते. डोळ्याला मात्र जवळपास अर्ध्या सेकंदाचा गचका बसलेला असतो. त्यानंतर पडद्याच्या दराला नि:शेष भाग जाईल अशा आकड्यावर फ्रेमची मर्यादा घालायची. जिथे पडदाच आपला दर बदलू शकतो, तिथे गेमच्या चालीने पडद्याला चालवायचे.

मधल्या फ्रेम नव्याने रचण्याचा उपाय मात्र वादाचा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे जे लघुपट दाखवले गेले, त्यांत स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीचाही एक होता. २०२० मध्ये ल्युमिएरांच्या आगगाडीची कृत्रिम बुद्धिमत्तेने ६० फ्रेमची केलेली आवृत्ती जगभर पाहिली गेली. ती देखणी आहे. पण तिच्यातल्या बहुतांश फ्रेम कोणत्याही कॅमेऱ्याने कधी पाहिलेल्या नाहीत. ‘डूम’च्या मधल्या स्थिती गेमच्याच गणितातून येतात, आगगाडीच्या मधल्या स्थिती अंदाजातून येतात. पहिली दुरुस्ती मानता येईल, दुसरी कल्पनाचित्र. मूळ प्रत शेजारी जपून ठेवली असेल तर कल्पनाचित्राचाही आनंद घ्यावा.

प्रश्न मूळ प्रतीचाच आहे. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी आहेत. ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. जे नष्ट झाले त्याचा वेग दुरुस्त करण्याचा प्रश्नच उरत नाही.

‘कालिया मर्दन’ मात्र बऱ्याच अंशी शिल्लक आहे. १९१९ च्या या चित्रपटात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आरंभी कॅमेऱ्यासमोर ती एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. इंटरनेटवर फिरणारी एखादी प्रत पळताना दिसली, तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.६५ करता येतो. पंचविसाचे सव्वासोळा होतात. राग आणि हसू यांच्या मध्ये त्या मुलीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नसते. पळत्या प्रतीत तो क्षण दिसतच नाही.