चेहऱ्यावरील फिलर किती काळ टिकतो?

होसूर-सर्जापूर रस्त्याच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेली एचएसआर लेआउट ही बंगळूरुच्या आग्नेय भागातील वसाहत. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीचे सात सेक्टर असून अगर तलाव आणि सिल्क बोर्डचा वाहतूक कोंडीसाठी प्रसिद्ध असलेला चौक तिच्या हाकेच्या अंतरावर आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण नोकरदार येथे मोठ्या संख्येने राहतात. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगावहून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. सत्ताविसाव्या मेन रोडच्या परिसरात उपाहारगृहे आणि कपड्यांच्या दुकानांच्या जोडीला त्वचा, केस आणि दात यांचे दवाखाने दिसतात. अशा दवाखान्यांत फिलरविषयी चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो आणि दुसरा, हे किती दिवस टिकणार, हा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावरही परिणाम करते, कारण सौंदर्यासाठी केलेले उपचार आरोग्य विम्यात सहसा बसत नाहीत आणि फिलरचा खर्च एकदाच करून भागत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बोटॉक्स आणि फिलर हे एकच नव्हेत. बोटॉक्स स्नायूंची हालचाल काही काळ शिथिल करते व त्याचा परिणाम साधारण तीन ते चार महिने राहतो. फिलर हा त्वचेखाली टोचला जाणारा जेलसारखा पदार्थ असून तो वयानुसार किंवा वजन घटल्यामुळे रिकामी झालेली जागा भरून काढतो.

सध्या सर्वाधिक वापरला जाणारा फिलर हायलुरॉनिक आम्लाचा असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गायीच्या डोळ्यातील द्रवातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. मानवी त्वचा, सांधे आणि डोळे यांत तो मुळातच असतो. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात तो सुमारे १५ ग्रॅम असतो आणि त्याचा जवळपास एकतृतीयांश भाग शरीर दररोज मोडून नव्याने तयार करते. त्यामुळे हे आम्ल नैसर्गिक स्वरूपातच टोचले, तर ते थोड्याच दिवसांत नाहीसे होईल. म्हणून कारखान्यात त्याच्या रेणुसाखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींशी बांधल्या जातात. विणकर ताण्याबाण्याने वस्त्र घट्ट करतो, तसाच हा प्रकार. दुवे जितके अधिक, तितका जेल घट्ट आणि शरीरातील विकरांना तो तोडण्यास तितका अधिक वेळ लागतो.

टिकाऊपणाचा हिशेब येथूनच सुरू होतो. ओठ बोलताना व खाताना सतत हलतात आणि तेथे मऊ जेल वापरावा लागतो. त्यामुळे तेथील परिणाम साधारण सहा महिने ते एक वर्ष दिसतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणाऱ्या घडीत तो सहा महिने ते वर्षभर, काही जेल वापरल्यास त्याहून अधिक राहतो. गालाच्या हाडावर खोलवर दिलेला घट्ट जेल एक ते दोन वर्षे आकार धरून ठेवतो. डोळ्यांखालची खोलगट जागा फारशी हलत नाही, त्यामुळे तेथे परिणाम वर्षाहून अधिक काळ टिकल्याचेही आढळते. टोचलेले प्रमाण, टोचण्याची खोली आणि व्यक्तीची चयापचय क्रिया यांनुसार या मुदती कमी-जास्त होतात.

इतर पदार्थांची गोष्ट वेगळी आहे. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइटचा परिणाम साधारण वर्षभर किंवा थोडा अधिक काळ राहतो. पॉली-एल-लॅक्टिक आम्ल स्वतः जागा भरण्यापेक्षा शरीराला नवे कोलॅजन तयार करण्यास प्रवृत्त करते. त्याचा परिणाम हळूहळू दिसू लागतो आणि दोन वर्षांपर्यंत राहू शकतो. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे सूक्ष्म कण मात्र शरीर पचवू शकत नाही. ते कायमचे राहतात.

कायमचे राहणे हा गुण वाटतो, परंतु या शास्त्राचा इतिहास तसे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात चेहऱ्यात पॅराफिन टोचण्याचा प्रघात पडला होता. पुढे त्याच्या गाठी झाल्या, तो जागचा हलला आणि तो काढणे दुष्कर ठरले. १९८१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गायीच्या कोलॅजनपासून बनवलेल्या फिलरला मान्यता दिली. तो तीन-चार महिनेच टिके आणि त्याची अॅलर्जी नाही ना, हे पाहण्यासाठी आधी त्वचेची चाचणी घ्यावी लागे. २००३ साली अमेरिकेत हायलुरॉनिक आम्लाच्या फिलरला मान्यता मिळाली आणि कोलॅजन मागे पडले. नव्या फिलरची जमेची बाजू केवळ अधिक टिकण्याची नव्हती. हायलुरॉनिडेझ हे विकर टोचून तो एक-दोन दिवसांत विरघळवता येतो. आकार मनाजोगा न आल्यास किंवा काही बिघडल्यास परतीचा मार्ग उपलब्ध असणे ही लहान बाब नव्हे. वर उल्लेख केलेल्या इतर पदार्थांना ही सोय लागू नाही.

परिणाम ओसरला म्हणजे फिलर संपला, असे मात्र समजू नये. मुदतीचे आकडे चाचण्यांत डॉक्टरांनी चेहऱ्याकडे पाहून ठरवलेल्या श्रेणींवर आधारलेले असतात. जेल आत उरला आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. मेलबर्नमधील एका डॉक्टरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३ व्यक्तींच्या चेहऱ्यांची एमआरआय छायाचित्रे तपासली. त्यांच्यापैकी कोणीही मागील किमान दोन वर्षांत मध्यचेहऱ्यात फिलर घेतलेला नव्हता. तरीही सर्वांच्या चेहऱ्यात तो शिल्लक आढळला, काहींमध्ये कित्येक वर्षांनंतरही. अभ्यास लहान आहे आणि छायाचित्रात दिसणारा प्रत्येक अंश चेहऱ्याला उठाव देतोच असे नाही. तथापि दर सहा महिन्यांनी दिनदर्शिका पाहून 'टच-अप' करून घेण्याचा सल्ला त्यामुळे संशयास्पद ठरतो. जुना जेल असताना त्यावर नवा चढवत गेल्यास गाल फुगीर आणि ओठांच्या कडा अस्पष्ट होतात. पुढील सिरिंज घेण्याची वेळ आरशाने आणि जुन्या छायाचित्रांनी ठरवावी, दवाखान्याच्या सवलतीच्या संदेशाने नव्हे.

टोचल्यानंतरची सूज व काळे-निळे डाग काही दिवसांत उतरतात, ओठांना त्याहून थोडा अधिक काळ लागू शकतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा आदल्या आठवड्यात दवाखाना गाठणाऱ्यांनी हे ध्यानात घेणे बरे. कार्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी उपचार झालेला असावा.

क्वचित घडणारा, पण गंभीर धोका म्हणजे जेल रक्तवाहिनीत शिरणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली याविषयी इशारा दिला होता. रक्तपुरवठा अडल्यास त्वचा मरते. डोळ्याकडे जाणारी वाहिनी अडल्यास दृष्टी जाऊ शकते. त्वचा अचानक पांढुरकी किंवा जाळीदार निळसर होणे, तीव्र वेदना, दिसण्यात फरक पडणे, ही लक्षणे आढळल्यास घरी वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांकडे जावे. येथे मिनिटे मोलाची असतात. हायलुरॉनिडेझ दवाखान्यात हाताशी आहे काय, हा प्रश्न म्हणूनच टोचून घेण्यापूर्वी विचारावा.

कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ अन्वये दवाखान्याची नोंदणी बंधनकारक आहे. मे २०२२ मध्ये बंगळूरुत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर २१ वर्षांच्या एका कन्नड दूरचित्रवाणी अभिनेत्रीचा मृत्यू झाला, तेव्हा सौंदर्योपचारांच्या दवाखान्यांना कोणत्या परवानग्या असतात, याची चर्चा शहरात झाली. ती शस्त्रक्रिया फिलरची नव्हती, परंतु प्रश्न तोच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्योपचार व केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट केले आहे.

भारतात फिलर हे वैद्यकीय उपकरण म्हणून नियंत्रित केले जाते. सिरिंजचे खोके आपल्यासमोर उघडण्याची मागणी करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. खोक्यातील चिकटपट्टीवर उत्पादनाचे नाव, तुकडी क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख असते. ती आपल्या कागदपत्रांत लावून ठेवावी. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात बदली झाली, तर नव्या डॉक्टरांना चेहऱ्यात नेमके काय आणि किती आहे, हे त्या चिठ्ठीवरूनच कळते.