चिजेची मालकी आणि पुस्तकाची किंमत

गेल्या पावसाळ्यांत संगीताच्या परीक्षेस बसणाऱ्या परभणीच्या एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या जुन्या प्रती फोनवर फुकट मिळतात, मग तीच पुस्तकें विकत कां घ्यावींत?” प्रश्न सरळ होता, परंतु ‘फुकट’ या एका शब्दाचा हिशेब मांडूं गेलों, तेव्हां आम्हांस शंभर वर्षांहून अधिक मागें जावें लागलें.

चीज ही घराण्याची ठेव मानली जाई, तो काळ फार दूरचा नाहीं. खांसाहेब शिष्यास वर्षानुवर्षें तंबोरा छेडावयास लावीत, आणि अस्ताई दिली तरी अंतरा हातचा राखून ठेवीत. ही कृपणता आज आपणांस टोंचते. पण ज्यांचें शेत तेंच, वतन तेंच आणि लेकराबाळांची भाकरीहि तीच, त्यांनीं कोठाराचें दार उघडें कां टाकावें, हेंहि लक्षांत घ्यावयास हवें.

हें दार दोन महाराष्ट्रीयांनीं उघडलें. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि स्वतःच्या स्वरलिपींत पाठ्यपुस्तकें छापून गायन वर्गांत शिकवावयाचा विषय केला. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. त्यांनीं रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदें घेतलीं, जयपूरच्या महंमद अली खां यांच्या घराण्याचे ख्याल मिळविले, रामपूरचे नवाब हमीद अली खां यांचें शिष्यत्व पत्करलें. विनवणी, द्रव्य, ओळख, चिकाटी हे सारे उपाय त्यांनीं योजिले. त्या खटपटीचें फळ म्हणजे क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग. त्यांतील अखेरचे भाग त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. ज्या गांवीं उस्ताद कधीं फिरकला नाहीं, तेथेंहि यमनाचा ख्याल या पुस्तकांनीं नेला. आमचा परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि शाळांतील शिक्षणाची भाषा बहुतांशीं उर्दू होती. अशा मुलखांत मराठी स्वरलिपीचें पुस्तक हातीं येणें ही लहान गोष्ट नव्हती.

आतां कायद्याकडे वळूं. १९५७ च्या कायद्यानें ग्रंथकाराच्या निधनानंतर पन्नास वर्षें हक्क राखला. १९९२ सालीं ही मुदत साठ वर्षें झाली. परंतु भातखंड्यांनीं हयातींत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरील हक्क १९८६ अखेरच संपले होते, आणि संपलेला हक्क नव्या दुरुस्तीनें पुन्हां जिवंत झाला नाहीं. तेव्हां ते मूळ ग्रंथ उतरून घेणारा चोर नव्हे, हें आम्ही त्या मुलीस निःशंकपणें सांगितलें.

याच कायद्यांत एक विचार करण्याजोगी गोष्ट दडलेली आहे. १९५७ च्या व्याख्येप्रमाणें संगीतकृति म्हणजे लिहिलेली वा छापलेली स्वररचना. केवळ गळ्यांत वसणाऱ्या चिजेस तो दर्जा १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हता. म्हणजे खांसाहेबांची पिढीजात ठेव कायद्यास दिसत नव्हती, ती लिहून घेणाऱ्याची वही मात्र दिसत होती! भातखंड्यांची निष्ठा निर्मळ होती. तरी ज्यांच्या कंठांतून हा खजिना आला त्यांपैकीं अनेकांच्या वाट्यास पुस्तकांतील एक उल्लेखहि आला नाहीं. आज आपणांस जें फुकट मिळतें, त्याचें मोल कोणी तरी केव्हांच चुकतें केलें आहे.

मग विकतच्या आवृत्तीचें काम काय? भातखंडे-लिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खालीं टिंब आणि तार सप्तकास वर टिंब असतें. जुन्या, जीर्ण पानाच्या छायाचित्रांत पहिली नाहींशी होते ती हीच बारीक रेघ. काफींतील गंधाराखालची रेघ पुसली कीं गाणारा खमाजाच्या दारांत जाऊन उभा राहतो. आमच्या तरुणपणीं एका हस्तलिखित वहीवरून चीज उतरतांना आम्ही स्वतः अशीच एक रेघ गाळली, आणि दोन वर्षें चुकीचा गंधार मोठ्या अभिमानानें आळविला! जाणता संपादक प्रती ताडून पाहतो, मुद्रणदोष काढतो, पाठभेद नोंदवितो. किंमत द्यावयाची ती या श्रमांची. युरोपांतहि तसेंच घडलें. बाखच्या रचना केव्हांच सर्वांच्या झाल्या. तरी १९५४ ते २००७ या काळांत विद्वानांनीं त्यांची नवी संशोधित आवृत्ति सिद्ध केली, आणि जुनी फुकट मिळत असतांहि वादक ती विकत घेतात.

येथें एक सावधगिरी हवी. मूळ ग्रंथ मुक्त झाला म्हणून त्याचें नवें भाषांतर वा नवी टीका मुक्त होत नाहीं. त्यांवर त्यांच्या कर्त्यांचा स्वतंत्र हक्क असतो. हयात गायकानें रचलेल्या बंदिशींचें पुस्तक फुकट उतरून घेणें म्हणजे तर जुन्या खांसाहेबांवर झालेला अन्याय पुन्हां करणें होय.

म्हणून आम्ही तिला सांगितलें : जुनी प्रत खुशाल घे, शंका येईल तेथें गुरूच्या गळ्याशीं ताडून पाहा, जमेल तेव्हां एक चांगली आवृत्ति महाविद्यालयाच्या ग्रंथालयास घ्यावयास लाव, म्हणजे एका प्रतीवर दहाजणी शिकतील. आमच्याच जिल्ह्यांतील गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग शतकानुशतकें कोणीहि गावे असेच राहिले आहेत. ते टिकले, कारण प्रत्येक पिढीनें ते पाठ करण्याचे कष्ट घेतले. ती मुलगी परत आली तेव्हां तिच्या हातीं फोनाबरोबर एक वहीहि होती, आणि वहींतील प्रत्येक कोमल स्वराखालीं तांबड्या शाईची रेघ ओढलेली होती.