ओळखी कितीही वाढवा, पण भागीदारीची सही कुणासोबत करायची?

नवा धंदा सुरू केला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, "ओळखी वाढव." दुसरा सांगतो, "माणसं पारखून जवळ कर." दोन्ही एकाच वेळी कसं जमणार? जमतं. फक्त कुठे सैल राहायचं आणि कुठे घट्ट, हे आधी ठरवावं लागतं.

सुरुवात ओळखींपासून करू. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, जो आजही नेटवर्किंगच्या चर्चेत येतो. बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्या माणसामुळे नोकरी कळली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'वारंवार' म्हणणारे १६.७ टक्केच निघाले. ५५.६ टक्के लोकांना तो 'अधूनमधून' भेटत होता आणि २७.८ टक्क्यांना तर 'क्वचित'.

कारण साधं आहे. जवळच्या मित्रांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी, नवं गिऱ्हाईक लांबच्या माणसाकडून येतं. म्हणून नुसत्या ओळखीत फार चोखंदळ राहून फायदा नाही. लग्नात भेटलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर सेव्ह करायला काहीच खर्च येत नाही.

खर्च सुरू होतो तो वेळ द्यायला लागलो की. इव्हान मिस्नर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या बीएनआयच्या गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात आणि बैठक दर आठवड्याला असते. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लबही आहे. अशा गटात जाण्याआधी एकच बघा: तिथल्या लोकांचं गिऱ्हाईक आणि तुमचं गिऱ्हाईक एकच आहे का? इंटिरिअर डिझायनरला इस्टेट एजंट उपयोगी पडतो. सुट्या भागांच्या कारखानदाराला तो किती पडेल, शंकाच आहे. आणि हो, आपण कुणाचं काम सुचवतो तेव्हा आपलं नावही त्याच्यासोबत जातं. त्यानं काम बिघडवलं तर फोन आपल्यालाच येतो.

खरी पारख लागते ती सही करताना. समजा, दोन मित्रांनी मिळून केटरिंग सुरू केलं. एकानं फर्मच्या नावावर आठ लाखांचा किराणा उधार घेतला आणि फोन बंद केला. दुकानदार पूर्ण आठ लाख दुसऱ्याकडे मागू शकतो का? हो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार फर्मच्या कामापुरता प्रत्येक भागीदार फर्मचा एजंट असतो (कलम १८) आणि फर्मच्या देण्याला सगळे भागीदार मिळून तसेच एकेकटेही जबाबदार असतात (कलम २५). "माझा हिस्सा निम्माच आहे" हे दुकानदाराला सांगून उपयोग नाही. निम्मे पैसे नंतर मित्राकडून वसूल करायचे, म्हणजे आधी त्याला शोधायचं. २००८ च्या कायद्यानं आलेल्या एलएलपीत ही जबाबदारी साधारणपणे आपण घालायच्या रकमेपुरती राहते.

जामीनदाराचंही असंच. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही तर आहे" हे वाक्य ऐकलं की उठून चहाला जावं, असं माझं मत आहे.

पुरवठादार निवडतानाही हेच. त्यानं जीएसटी भरला नाही तर तुमचं इनपुट टॅक्स क्रेडिट अडचणीत येतं. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही त्याचा नंबर टाकून नोंदणी कधीची आहे आणि रिटर्न भरले जातात का, हे दिसतं. पाच मिनिटांचं काम. गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर तिची पैसे द्यायची सवय बाजारात विचारा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना २००६ चा एमएसएमई कायदा आधार देतो. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. पण त्याच गिऱ्हाइकाकडून पुढची ऑर्डर हवी असते, म्हणून हे व्याज मागायला अनेक जण कचरतात. त्यामुळे आधी चौकशी केलेली बरी.

आणि भागीदार आधीच चुकला असेल तर? नुसतं बोलणं बंद करून सुटका होत नाही. भागीदारानं फर्म सोडली तरी जाहीर सूचना दिली जात नाही तोवर फर्मच्या नव्या व्यवहारांसाठीही बाहेरचे लोक त्याला जबाबदार धरू शकतात. नोंदणीकृत फर्म असेल तर ही सूचना रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे द्यावी लागते, शिवाय राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते. पेपरातल्या बारीक अक्षरांच्या 'जाहीर नोटीस'मध्ये अमुक व्यक्तीचा आमच्या फर्मशी संबंध राहिलेला नाही, असं दिसतं ते याचसाठी.