महामारी, बंदिवास आणि मनाची उमेद

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आमच्या कुहीला थांबण्याची थोडी सवय आधीच झालेली होती. नागपूर-नागभीड ही शंभर वर्षांहून जुनी नॅरोगेज रेल्वे रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्येच बंद झाली होती आणि कुहीचे स्टेशन ओस पडले होते. पण २५ मार्चपासून जे थांबले ते निराळे होते. मिरचीचा हंगाम भरात होता. ज्या सातऱ्यांवर शेकडो बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडतात, ते सातरे ओस पडले. शाळेला कुलूप लागले. मशिदीतून अजान होत होती, पण नमाज घरातच पढायची होती. पहिल्या आठवड्यात सर्वांनाच सुट्टी मिळाल्यासारखे वाटले. तिसऱ्या आठवड्यात माणसे विनाकारण भांडू लागली, रात्री झोपेनाशी झाली.

त्या दिवसांत मोबाईलवर सारखे उपदेश येत असत. सकारात्मक राहा, हसत राहा, वाईट विचार करू नका. ज्याच्या घरातले पीठ संपले आहे त्याने हसायचे तरी कसे, याचे उत्तर त्या संदेशांत नसे. आम्ही शिक्षक. आम्हाला उत्तर शोधायची सवय इतिहासात. म्हणून प्रश्न विचारला की, आपल्या आधीच्या लोकांवर अशी वेळ आली तेव्हा त्यांनी मन कशाच्या आधारावर सांभाळले? त्या शोधात जे सापडले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुरुवात इस्लामी इतिहासातल्या एका प्रसंगापासून करू. हिजरी सन १८, म्हणजे इ. स. ६३९ च्या सुमारास शाम देशात अमवासची भीषण साथ आली. खलिफा हजरत उमर शामकडे निघाले होते. सरग या ठिकाणी साथीची खबर मिळाली तेव्हा त्यांनी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. सेनापती हजरत अबू उबैदा यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नाही काय? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. एका बाजूला हिरवे कुरण आणि दुसऱ्या बाजूला उजाड माळ असेल तर गुराखी जनावरे कुठेही नेवो, ते तकदीरनेच होणार. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी पैगंबरांची हदीस सांगितली. जिथे साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण आहोत तिथे साथ आली तर तिथून पळू नये, असा तिचा आशय आहे. त्या साथीत अबू उबैदा आणि मुआज बिन जबल दोघेही गेले. नंतर हजरत अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांत पांगायला सांगितले आणि साथ ओसरली.

या प्रसंगात आम्हाला महत्त्वाची वाटते ती चर्चा. खलिफाने नुसता हुकूम सोडला नाही. मुहाजिर, अन्सार, बुजुर्ग सर्वांना विचारले, सेनापतीचा आक्षेप ऐकून घेतला आणि त्याला दाखला देऊन समजावले. ज्याला बंधनाचे कारण कळते, त्याचे मन बंधनातही शाबूत राहते.

मनाच्या आरोग्याविषयी आपल्या पूर्वजांनी स्वतंत्रपणे लिहिलेही आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. अबू जैद अल-बल्खी (इ. स. ८५० ते ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. शरीराला अचानक काही झाले तर हाताशी असावे म्हणून माणूस औषध आधीच घरात ठेवतो. तसेच मन ठीक असतानाच चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे भीती किंवा दुःख आले की ते कामी येतात, असे ते सांगतात. काही दुःखांचे कारण माणसाला माहीत असते आणि काही उदासी कारणाशिवायच येते, हा फरकही त्यांनी केला. वसवसा, म्हणजे एकच वाईट विचार मनात फिरत राहणे, यावर त्यांनी वेगळे प्रकरण लिहिले आणि अशा माणसाने एकटे राहू नये असे बजावले. हे सारे अकराशे वर्षांपूर्वीचे आहे. मनाचे दुखणे म्हणजे ईमानची कमजोरी, असे म्हणणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा प्लेग आला. १८९७ चा साथरोग कायदा त्यातूनच झाला आणि २०२० मध्ये तोच पुन्हा लागू झाला. पुण्यात गोरे सैनिक घरांत शिरून झडत्या घेत, बायकांची तपासणी करीत. त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात तपासणी पथकाला एका जुलाहा विणकराच्या घरातील आजारी मुलगी तपासायची होती. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, दंगल उसळली, गोळीबारात माणसे मेली. हे विणकर उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेले मोमीन होते. रुग्णालयात नेलेले माणूस परत येत नाही, अशी अफवा तेव्हा घरोघर होती. अफवेचा जोर भीतीत असतो आणि परक्या माणसाने दमदाटीने दार ठोठावले की भीती दुप्पट होते. पुढे सरकार नरमले, निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालये चालवू दिली गेली आणि विरोध हळूहळू निवळला. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते तेव्हा विशीतल्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली. शंभर भाषणांनी झाले नसते ते त्याने झाले.

पण त्या साथीतली आम्हाला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट एका शिक्षिकेची आहे. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका दलित मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. याच्या चाळीस वर्षे आधी, ऑक्टोबर १८५६ मध्ये, त्या स्वतः आजारी पडून माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव आहे. आजारपणात सावित्रीबाईंना चिंता होती ती शाळेची, आणि धीर होता तो शाळा सांभाळणाऱ्या मैत्रिणीचा. मनाची उमेद कशातून येते, हे या एका ओळीत आम्हाला सापडले. आपल्यामागे काम चालू आहे आणि ते कोणी आपले माणूस करते आहे, हा भरवसा हवा.

१९१८ ची साथ आमच्या भागाला अधिक जवळची. जुने लोक तिला मानमोडी म्हणत. मुंबई बंदरातून शिरलेल्या या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्या वर्षी पाऊसही कमी झाला आणि धान्य महागले. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या; उपाशी पोटी आजाऱ्यांची शुश्रूषा त्याच करीत होत्या. एवढ्या मोठ्या दुःखावर आमच्या आजोबांच्या पिढीने फारसे काही सांगितले नाही. बोलायचे नाही, विसरून जायचे, हीच त्यांची रीत होती. ती रीत बरोबर होती असे आम्हाला वाटत नाही. न सांगितलेले दुःख पुढच्या पिढीला धडा देत नाही.

बंदिवास आणि मन यांचा विचार करताना नागपूरकरांना ताजुद्दीन बाबांची आठवण होणारच. १८६१ मध्ये कामठीला जन्मलेल्या बाबांनी पलटणीतली नोकरी सोडली. लोकांनी त्यांना वेडा ठरवले आणि १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तिथे ते सोळा वर्षे राहिले. १९०८ मध्ये रघुजीराव भोसले यांनी आपल्या जबाबदारीवर त्यांना बाहेर काढून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. चमत्कारांच्या कथा बाजूला ठेवल्या तरी एवढे उरतेच की, जाळीच्या आत असलेल्या माणसाकडे बाहेरचे हिंदू-मुसलमान धीर मागायला येत होते आणि एका मराठा राजघराण्याने एका मुसलमान फकिराला आपल्या घरात जागा दिली. दार बंद असूनही नाते बंद पडले नव्हते. मात्र याच भक्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण जळून मेले. श्रद्धा दिलासा देते, पण ती डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही.

आता पुन्हा २०२०. दिल्लीच्या निजामुद्दीनची बातमी पसरली आणि आजाराला धर्म चिकटवला गेला. एप्रिलमध्ये नागपूरचे मोमीनपुरा आणि सतरंजीपुरा सील झाले, शेकडो लोकांना विलगीकरणात नेले गेले. मदनपुऱ्यातल्या १८९८ च्या विणकरांप्रमाणेच मोमीनपुऱ्याची वस्तीही उत्तरेतून आलेल्या विणकरांची आहे. त्या दिवसांत एका गावी आम्ही भाजी घ्यायला थांबलो तेव्हा ठेलेवाल्याने आमची टोपी पाहून ठेला पुढे ढकलला. आमच्या खिशात पैसे होते आणि तोंडाला रुमाल होता. आम्ही काही बोललो नाही. पण त्या रात्री जी झोप गेली ती आजाराच्या भीतीने नव्हे. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आणि सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने तबलिगच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले. परदेशी पाहुण्यांना बळीचा बकरा बनवले गेले, असे औरंगाबादच्या निकालात म्हटले होते. ती बातमी आम्ही घरात मोठ्याने वाचून दाखवली. मनाच्या आरोग्याला न्यायही लागतो.

तो रमजान घरात गेला. तरावीहसाठी बैठकीतली खाट बाहेर काढली. आमच्या शाळेतील निम्म्या मुलांकडे स्मार्टफोन नव्हते. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" हा सरकारचा उपक्रम त्यांच्यापर्यंत पोहोचेना. तेव्हा आम्ही वहीच्या पानांवर उर्दूत प्रश्न लिहून सायकलने घरोघर देऊ लागलो. चार दिवसांनी उत्तरे गोळा करायची. एका मुलाने गणिताच्या कागदामागे लिहिले होते की, सर, अब्बा दिवसभर भिंतीकडे पाहत बसतात. त्या दिवसापासून आम्ही अब्बांसाठीही एक काम देऊ लागलो. मुलाला पाढे म्हणायला लावायचे आणि खाली सही करायची. दोन आठवडे सही आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आली.

दुसरी लाट एप्रिल २०२१ मध्ये आली, पुन्हा रमजानमध्ये. नागपुरात ऑक्सिजनसाठी माणसे दारोदार फिरत होती. वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी त्या वेळी स्वखर्चाने ऑक्सिजनचे टँकर आणले आणि ती आपली जकात मानली. ज्यांचा प्राण त्या टँकरने वाचला त्यांचा धर्म कोणी विचारला नाही. आमच्या चाचांपर्यंत मात्र वेळेवर काही पोहोचले नाही. जनाज्याला मोजकी माणसे होती. चाची इद्दतला बसल्या आणि बोलायच्या थांबल्या. सांत्वनाला येणार कोण? शेजारच्या एक काकू रोज दुपारी अंगणाच्या पलीकडे पोते पसरून बसत आणि अर्धी मिरची चाचींच्या बाजूला सरकवत. दोघी आठ हात अंतरावर बसून देठ खुडत. कित्येक दिवस एक शब्द नाही. मग एके दिवशी चाची म्हणाल्या, "यंदा मिरची तिखट आहे." आम्ही आतल्या खोलीत होतो. ते वाक्य ऐकून आम्हाला रडू आले.

वाचकहो, इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. साथीत मन सांभाळायला चार गोष्टी लागतात. बंधनाचे कारण समजले पाहिजे. हाताला काम पाहिजे. लांबून का होईना, सोबत पाहिजे. आणि कोणी आपल्यावर संशय घेऊ नये, इतकी इज्जत पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट माणूस एकटा स्वतःला देऊ शकत नाही. म्हणून "खूश राहा" असे दुसऱ्याला सांगण्यापेक्षा त्याच्या अंगणाशेजारी जाऊन बसावे. त्यानेही भागले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे. हा क्रमांक आम्ही वर्गाच्या भिंतीवर उर्दूत आणि मराठीत लिहिला आहे.

मानमोडीच्या पिढीने आपले दुःख सांगितले नाही. आपण सांगू या. पुढची साथ कधी येईल हे अल्लाह जाणे, पण तेव्हा कुहीतल्या एखाद्या शिक्षकाला उत्तर शोधायला इतके लांब जावे लागू नये.