दाताची कीड आणि भिंगाचा डोळा

आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता घाट चढून जेथे पठारावर येतो, तेथे जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकास आणे हे गाव वसले आहे. पाऊस बेताचा, जमीन बहुतेक कोरडवाहू आणि घरोघरचे अन्न म्हणजे भाकरी. रंगदासस्वामींच्या उत्सवात येथे जो महाप्रसाद होतो तोही आमटी-भाकरीचाच. हजारो माणसे तो आवडीने खातात. परंतु त्या पंक्तीत ज्याची दाढ ठणकत असेल, त्याला त्या भाकरीचे सुख कोठून लाभणार? दाढदुखीपुढे सावकार आणि सालगडी सारखेच. या दुखण्याचे खरे कारण ओळखण्यास मनुष्याला हजारो वर्षे लागली. आणि ते ज्याच्या साह्याने ओळखता आले, ते साधन म्हणजे काचेचे एक लहानसे भिंग होय.

मराठी माणूस आजही ‘दात किडला’ असेच म्हणतो. या एका शब्दात एक फार जुनी समजूत जपून राहिली आहे. दातात एक किडा शिरतो आणि तो आतून दात पोखरतो, अशी ही समजूत. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ नावाचा दंतरोग सांगितला आहे. बाबिलोनी लोकांच्या मृत्तिकालेखांत दाताच्या किड्याची कथा आहे. चीन आणि युरोप येथेही हीच कल्पना रूढ होती. रोगाचे कारण किडा ठरल्यावर त्याला हाकलून लावणे हाच उपचार ठरला. आपल्याकडे भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर तोंडात घेण्याची चाल होती, तर युरोपात त्याच कामी खुरासानी ओव्याचे बी जाळीत. या दोन्ही वनस्पती वांग्याच्याच कुळातल्या. धुरानंतर ठणका क्वचित कमी होई, आणि जवळ ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात पांढरे बारीक किडे पडलेले दिसत. रोग्याला आणखी पुरावा तो कोणता हवा? वस्तुतः ते किडे नसून उष्णतेने फुटलेल्या बियांतून बाहेर पडलेले अंकुर होते. माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते हे खरे. पण डोळाच फसला होता.

या फसगतीतून सुटण्याचा आरंभ हॉलंडमधील डेल्फ्ट गावी झाला. तेथील आंतोनी व्हॅन लेवेनहूक हा धंद्याने कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचे शिक्षण त्याला लाभले नव्हते. परंतु स्वतः घासून तयार केलेल्या एकेका भिंगातून तो वस्तू दोनशे पटींहूनही मोठी करून पाहू शके. १६८३ साली त्याने आपल्या दातांच्या फटीत साचलेला पांढरा मळ काढून पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. त्यात असंख्य सूक्ष्म जीव मोठ्या चपळाईने हिंडत होते. लेवेनहूक रोज मिठाने दात घाशीत असे, तरीही ही स्थिती! ही हकीकत त्याने त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविली.

पुढे १७२८ साली पॅरिसच्या प्येर फोशारने दंतवैद्यकावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यानेही किडके दात भिंगाखाली तपासले, पण परंपरेने सांगितलेला किडा त्याला कोठेच आढळला नाही. १७५७ साली जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील धर्मोपदेशक शेफर याने तर दातांतील किडे काल्पनिक आहेत असे प्रतिपादन करणारी पुस्तिकाच प्रसिद्ध केली. अशा रीतीने जुना किडा मेला. परंतु लेवेनहूकने पाहिलेल्या जीवांचा दातांच्या रोगाशी काही संबंध असेल, हे मात्र पुढे शंभर-सव्वाशे वर्षे कोणाच्या फारसे ध्यानी आले नाही.

तो संबंध विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने जोडून दाखविला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉकच्या जंतुशास्त्राचे संस्कार त्याला मिळाले होते. मुखातील जंतूंवरील त्याचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दातांच्या सांदीत अडकलेल्या पिठाळ व गोड अन्नावर जंतू पोसतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळविते. म्हणजे पोखरणारा जीव होता खरा. पण तो धुराने पळणारा नव्हता, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाराही नव्हता.

रोगाचे कारण अशा प्रकारे भिंगाने दाखविले. तथापि उपचाराच्या खुर्चीजवळ येण्यास भिंगाला आणखी बराच काळ लागला. सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत राहिला आणि दंतवैद्य आपल्या उघड्या डोळ्यांवर व दांडीच्या लहानशा आरशावर विसंबून राहिला. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि दाताची छाया तरी दिसू लागली. आपल्याकडे मुंबईस १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय निघाले. १९४८ साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला. शिक्षण आले, नियम आले. परंतु काम करणाऱ्याच्या दृष्टीची मर्यादा कायम राहिली.

ही मर्यादा किती नडते, हे वरच्या पहिल्या मोठ्या दाढेवरून समजते. दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात आणि ते मुळांतील अरुंद नलिकांतून खाली जातात. गाभा सडला म्हणजे या सर्व नलिका साफ करून बंद कराव्या लागतात. वरच्या दाढेला तीन मुळे, तेव्हा नलिकाही तीन, असे सामान्यतः धरले जाई. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या वाल्टर हेस याने हजारो दातांत रबर भरून नलिकांचे साचे काढले, तेव्हा त्यांची रचना किती गुंतागुंतीची असते हे उघड झाले. त्या दाढेच्या एका मुळात पुष्कळदा चौथी नलिका दडलेली असते. दोन बिंदूंमधले अंतर सुमारे ०.२ मिलिमीटरहून कमी झाले की साधा डोळा ते वेगळे ओळखू शकत नाही. मग मिलिमीटरच्या अंशाएवढे ते तोंड त्याला कसे सापडावे? नलिका राहून जाई, तीत जंतू राहत, काही महिन्यांनी दाढ पुन्हा ठणके आणि अखेर चिमटा लावून काढली जाई. दोष दाढेवर येई. वास्तविक तो अपुऱ्या दृष्टीचा होता.

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक प्रथम आणला तो कानाच्या वैद्यांनी. १९२१ साली स्टॉकहोमच्या कार्ल निलेनने त्याच्या साह्याने कानावर शस्त्रक्रिया केली. १९५३ मध्ये जर्मनीच्या झाइस कारखान्याने शस्त्रक्रियेसाठी सोयीचे यंत्र बाजारात आणले. दंतवैद्यांसाठी खास यंत्र १९८१ साली अमेरिकेत निघाले; ते प्रथम फारसे चालले नाही. पुढे गॅरी कार या दंतवैद्याने सोयीची यंत्ररचना करून व शिकवून त्याचा प्रसार केला. १९९८ पासून अमेरिकेत दंतमूळचिकित्सेच्या उच्च शिक्षणात या यंत्राचा अभ्यास आवश्यक ठरला.

आता रोजच्या कामातही भिंगाचे महत्त्व ओळखले जात आहे. कित्येक दंतवैद्य चष्म्याला जोडलेली अडीच ते सहा पटींची भिंगे लावतात; ज्यांना शक्य आहे ते वीस पटींपर्यंत किंवा त्याहूनही मोठे दाखविणारे यंत्र वापरतात. या यंत्राचा प्रकाश दृष्टीच्या रेषेतच पडतो, त्यामुळे खोल गाभ्यातही सावली आड येत नाही. केसासारखी चीर, भरलेल्या चांदीच्या कडेची फट, दडलेली चौथी नलिका या गोष्टी दिसू लागतात, आणि निरोगी भाग विनाकारण कोरला जात नाही. वैद्याला मान वाकवून तासन् तास बसावे लागत नाही, हा आणखी एक लाभ. मात्र यंत्र महाग आहे, सरावाला वेळ लागतो, आणि ते दृष्टी देते, विवेक देत नाही. कोणती दाढ राखावी व कोणती काढावी, हे अखेर वैद्याच्या बुद्धीनेच ठरते.

ज्या जुन्नर तालुक्यात आणे आहे, त्याच तालुक्यात खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून, कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या आकाशगंगांचे तरंग त्या टिपतात. इतक्या दूरचे जाणणाऱ्या मनुष्याला स्वतःच्या मुखातील अर्ध्या बोटाएवढ्या दाढेचे अंतरंग नीट पाहण्यास इतका काळ लागावा, हे नवल खरे. परंतु जे दिसत नाही त्याच्या जागी माणूस एक तर किडा कल्पितो, नाही तर चिमटा उचलतो. पठारावरून घाट उतरून दंतवैद्याकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला आकाशगंगेचे ज्ञान नसले तरी चालेल. त्याची दाढ राखण्याजोगी असेल तर ती राखली जावी, एवढेच त्याला हवे आहे. भिंग त्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल, तेव्हाच लेवेनहूकच्या त्या पत्राचे खरे सार्थक होईल.